दोऱ्याचं माप

वहिनींनी दारातच मूठ उघडली. मुठीत औषधाच्या दुकानातली कागदी पुडी आणि पुडीत एक पांढरा दोरा. गोधडीला वापरतो तसा जाड, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. "ताई, एवढं डोकं आहे तिचं," एवढंच म्हणाल्या.

जानेवारीतली सकाळ होती. निफाडकडे पारा उतरला होता, शेतकरी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करत होते, आणि आमच्या सोसायटीत ऊन गॅलरीत येईपर्यंत कोणी बाहेर फिरकत नव्हतं. वहिनींची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तारीख मार्चअखेरची. पण मुलगी ३० व्या आठवड्यातच आली. वजन १,३५० ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि आजीला दिवसातून एकदाच, दारातून पाहू देत होते.

घरात बाळाचं एकही कापड शिवलेलं नव्हतं. आमच्याकडे बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. लोकरीची गुंडीसुद्धा घरात आणत नाहीत. तरुणपणी मी या रिवाजावर खूप वाद घातला. आता घालत नाही. शिवून ठेवलेलं झबलं रिकामंच राहिलं तर ते कोणत्या कपाटात ठेवायचं, हा प्रश्न ज्या बायकांना खरोखर पडला असेल त्यांनीच हा नियम केला असणार. तोही एकदा नाही, घरोघरी, वर्षानुवर्षं.

माझ्याकडे मात्र टोपडी तयार असतात. गेली तीस वर्षं मी बाळंतविडे करते. नात्यात, शेजारात, ऑफिसातल्या मुलींच्या घरी बाळ आलं की दोन झबली, एक दुपटं, खणाची कुंची, विणलेलं टोपडं आणि पायमोजे. विकत कधी दिले नाहीत. म्हणून बातमी कळली त्याच दिवशी पेटीतलं सर्वांत लहान टोपडं काढून मी वहिनींच्या हाती दिलं. गुलाबी, मऊ, जरा केसाळ लोकरीचं, मला स्वतःला फार आवडणारं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. सिस्टरनी सांगितलं होतं की याचे तंतू सुटतात, बाळाच्या नाकातोंडात जातील. शिवाय ते घातल्यावर थेट हनुवटीपर्यंत खाली आलं होतं.

सिस्टरचं बरोबर होतं. मला रात्री झोप आली नाही ती टोपडं परत आल्यामुळे नाही. तीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईनं माप न विचारता वस्तू पाठवली, हे मनातून जाईना. "सर्वांत लहान" म्हणजे माझ्या पेटीतलं सर्वांत लहान. ते त्या मुलीचं माप नव्हतं.

म्हणून तो दोरा आला होता. सिस्टरनी टेप लावून आकडा सांगितला होता, २७ सेंटिमीटर. वहिनी म्हणाल्या, "आकडा ऐकला, पण सत्तावीस म्हणजे केवढं ते डोळ्यांपुढे येईना. घरी येऊन पट्टीवर दोरा धरला आणि कापला." मी तो तळहातावर ठेवला. माझी एक वीत आणि वर चार बोटं. दोन्ही गाठी जुळवून टेबलावर वर्तुळ केलं तर ते आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं भरलं. दिवस भरलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, हे मला पाठ आहे. मधले आठ सेंटिमीटर म्हणजे काय, ते त्या वर्तुळाकडे पाहताना कळलं. आम्ही दोघी काही न बोलता बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो.

आपल्याकडे माप हा शब्द फार ठिकाणी फिरतो. नवी सून माप ओलांडून घरात येते. कुणाची मापं काढू नयेत असं आपण मुलांना बजावतो. शिंप्याकडे मात्र मापच द्यावं लागतं, आणि ते देताना माणूस कसा निमूट, हात जरा लांब धरून उभा राहतो! टेप गळ्यात घातलेल्या माणसापुढे कुणी मोठा राहत नाही.

मला तर वाटतं, आपला जुना पेहराव मापाच्या कटकटीतून मोकळाच होता. धोतर, उपरणं, पागोटं, लुगडं, सगळी न शिवलेली वस्त्रं. इथून, नाशिकहून, ऐंशीएक किलोमीटरवर येवल्याला पैठणी विणतात. तिच्या पदरावरचा मोर लहान लहान कांड्यांनी, एकेक रंग अडकवत विणलेला असतो, त्याला महिने लागतात. पण ती कुणाच्या मापाची नसते. म्हणूनच आजीची पैठणी नात नेसू शकते. जाड असो, बारीक असो, निऱ्या कमीजास्त होतात, बस्स. त्या सगळ्यात मापाची एकच वस्तू होती, चोळी. म्हणून खणाला खण म्हणतात आणि ओटीत तो नारळाबरोबर जातो: एका बाईच्या अंगापुरतं कापड. पैठणी वारसाहक्कानं मिळते. चोळी तुमची तुम्हालाच शिवावी लागते. मी आयुष्यभर जे केलं ते चोळीच्या जातीचं काम आहे, लहान, एका अंगापुरतं, दुसऱ्याला न होणारं.

शाळेत आम्हाला शिवणाचा तास असायचा. मांजरपाटाचे चौकोनी तुकडे, आणि एकेका तुकड्यावर एकेक टाका: धावदोरा, टीप, उलटी टीप, हेम, साखळी, काज, हुक आणि आकडा, शेवटी रफू. सगळे तुकडे फाइलमध्ये डकवायचे, खाली नाव लिहायचं. माझं काज दर वेळी एका बाजूला फाकायचं. बाई ते उसवायला लावायच्या आणि सांगायच्या, की काज बटणाच्या मापाचं असतं, बटण हातात घे आणि मग काप. मी बटण न घेताच कापायची. आज वाटतं, त्या तासात शिकण्यासारखी गोष्ट ती एकच होती. टाके काय, हाताला कधी तरी वळण लागतंच.

आई शिवण शाळेत शिकली नव्हती. घरात उषाचं पायमशीन होतं, त्यावर ती परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवायची, आणि थंडीत विणायची. आमचे स्वेटर दर दोन वर्षांनी नवे व्हायचे, पण लोकर नवी नसायची. दिवाळी झाली की जुना स्वेटर उसवायचा. शिवण कापायची, टोक शोधायचं आणि ओढायचं. मी समोर बसून पाटाभोवती लोकर गुंडाळायची. वर्षानुवर्षं टाक्यांत बसलेली ती लोकर कुरळी झालेली असायची, शेवयांसारखी. मग लडी बांधून कोमट पाण्यात भिजवायची, आणि न पिळता ती तशीच दोरीवर टांगून खाली वजन लावायचं. आमच्याकडे त्यासाठी तांब्या होता. दोन दिवसांत लोकर सरळ व्हायची. मग नवं माप. पाठीमागून खांद्यापासून खांद्यापर्यंत आईची वीत फिरायची, ती गार बोटं मला अजून आठवतात. जुनी लोकर पुरायची नाही, म्हणून खाली आणि बाह्यांना दुसऱ्या रंगाचा पट्टा यायचा. माझ्या निळ्या स्वेटरला आधी पांढरा पट्टा आला, मग लाल. मी किती वाढले हे त्या पट्ट्यांवरून मोजता आलं असतं.

हातविणीचं हे वैशिष्ट्य मशीनच्या शिवणीत नाही. मशीनमध्ये दोन दोरे असतात. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनवरून, आणि कापडाच्या पोटात ते एकमेकांना अडकवतात. म्हणून मशीनची टीप पक्की, सहसा सुटत नाही. विणलेल्या वस्तूत एकच दोरा पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत जातो. एक टाका सुटला की खालपर्यंत शिडी पडते. हा तिचा कच्चेपणा खरा, पण त्याच कच्चेपणामुळे ती पुन्हा पहिल्यासारखी गुंडी होऊ शकते.

मशीनविषयी आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. यंत्रांना एवढा विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. बायकोला हातानं तासन्‌तास शिवताना पाहून सिंगरला कळवळा आला आणि त्यातून ते यंत्र निघालं, अशी त्यांची समजूत होती. इतिहास थोडा निराळा आहे. एलियास हाऊला पेटंट मिळालं १८४६ मध्ये, सिंगरला १८५१ मध्ये, आणि दोघांत त्यावरून मोठे खटले चालले. पण गांधीजींना त्या वस्तूत जे दिसलं ते मला खोटं वाटत नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये सेवासदन उभं राहिलं, तिथे शिवणाचे वर्ग चालत. एकट्या पडलेल्या कितीतरी बायकांना सुई-दोऱ्यानं भाकरी दिली. माझी भाकरी बँकेच्या नोकरीतून आली, त्यामुळे सुईचं ते रूप मी जवळून भोगलेलं नाही. पण कुणी विणकामाला "वेळ घालवायचा उद्योग" म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. वेळ घालवायला माप लागत नाही.

आणि आपल्याच नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, त्यात एक कोट आहे. धाकट्या भावासाठी श्याम पैसे साठवून तो शिवून घेतो आणि पावसापाण्यातून चालत गावी नेतो. त्या पुस्तकातले इतर प्रसंग वाचून लोक रडतात. मला लहानपणापासून तो कोटच जवळचा. घरापासून लांब असलेल्या एका मुलाच्या मनात लहान भावाची उंची, त्याचे खांदे सतत वावरत असणार, त्याशिवाय कोट सुचत नाही.

वहिनी गेल्यावर मी तडक मेन रोडला गेले. कानडे मारुती लेनच्या बाजूच्या गल्ल्यांतून लेस, बटणं, हूक, रिळं यांच्या दुकानांत माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. थंडीत शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात तयार स्वेटर ढिगानं मिळतात, तेही छान असतात, पण तिथे २७ सेंटिमीटर मागता येत नाही. दुकानदारानं दाखवलेल्या तीन लडी मी गालाला लावून पाहिल्या, बोटांत चोळून तंतू सुटतात का ते पाहिलं. चौथी सुती होती, पिवळसर पांढरी, गुळगुळीत पिळाची. त्यानं विचारलं, "मावशी, बाळाचं आहे का?" मी पुडीतला दोरा काढून दाखवला. तो माणूस क्षणभर बोललाच नाही. मग त्यानं लडी कागदात गुंडाळली आणि दुकानातला सर्वांत लहान, मुगाच्या डाळीएवढा मणी फुकट देऊ केला. मणी बाळाच्या वस्तूला लावत नाहीत, ओढला तर तोंडात जातो. पण मी तो घेतला.

दहा नंबरच्या सुयांवर आधी एक चौकोन विणून पाहिला. दहा सेंटिमीटरला माझे २२ टाके येत होते. टोपडं डोक्याला बसायचं तर डोक्यापेक्षा थोडं आखूडच हवं, ताणून बसलं पाहिजे पण वळ उठता कामा नये. २७ चे २४ धरले. हिशोब ५३ टाक्यांवर आला, मी ५४ घेतले, कारण कडेला एक सुलट एक उलट असा ताणदार पट्टा येतो, त्याला सम आकडा लागतो. चार सुयांवर गोल विणायचं ठरवलं: तीन सुयांवर अठरा-अठरा टाके, चौथी विणायला. गोल विणलं की मागे शिवण येत नाही. ते मूल चोवीस तास पाठीवर किंवा कुशीवर असणार. आपल्या बोटाला न जाणवणारी शिवण त्या कातडीला दोरखंडासारखी लागेल. वर येताना दर सहा टाक्यांत एकेक कमी करत आले, आणि शेवटी नऊ टाके उरले ते दोऱ्यात ओवून आवळले. दोऱ्याचं टोक आत न खोचता बाहेरच्या बाजूला लपवलं.

पूर्ण व्हायला एक संध्याकाळ लागली. एरवी मी टीव्ही पाहत विणते. त्या दिवशी प्रत्येक ओळ संपली की दोरा लावून पाहत होते.

नव्या बाळाच्या बाबतीत आपल्या बायकांनी शिवणीचा विचार फार आधीपासून केलेला आहे. पहिली झबली नव्या कापडाची करत नाहीत. आजीचं, पणजीचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडं फाडतात. बटण लावत नाहीत, बंद लावतात. आणि आमच्याकडे पहिला महिनाभर झबलं उलटं घालतात, शिवण बाहेर ठेवून, म्हणजे अंगाला टोचत नाही. मोठ्यांच्या कपड्यांत जी बाजू आपण लपवतो, ती या एका वस्त्रात सगळ्या जगासमोर असते. बारशाला आलेल्या बायकांना तुमचा टाका न् टाका दिसतो! जुन्या कापडाचा हा मान एकट्या महाराष्ट्रात नाही. बिहारमध्ये मुझफ्फरपूरकडच्या बायका सुजनी शिवतात, तीही मुळात जुन्या साड्यांचे तुकडे धावदोऱ्यानं जोडून, जन्मलेल्या बाळाला गुंडाळण्यासाठी. तिकडची ती आणि इकडची आपली गोधडी, दोघींचा टाका एकच. कुणी कुणाला शिकवला असेल असं मला वाटत नाही. वापरून मऊ झालेलं कापड आणि कोवळं अंग एका घरात असलं की हात आपोआप तिकडे जातो.

टोपडं मी साबणाच्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं, इस्त्री फिरवली, नव्या पिशवीत बंद करून दिलं. या वेळी परत आलं नाही.

दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी मुलीला आईच्या छातीवर ठेवायला सांगितलं. कांगारूसारखं, असं वहिनी म्हणाल्या. ही रीत पुढे आली १९७८ च्या सुमारास, कोलंबियातल्या बोगोटा शहरात. तिथल्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. आईच्या अंगाचीच ऊब. आज ती जगभर, आपल्याकडेही वापरतात. बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपडं, बाकी काही नाही. टोपडं का, तर एवढ्या बाळाचं डोकंच अंगाच्या मानानं सर्वांत मोठं, आणि ऊब तिथूनच जास्त निघून जाते.

वहिनींनी मोबाईलवर फोटो दाखवला. लेकीची मान खाली झुकलेली, गाऊनच्या उघड्या गळ्यातून एक पिवळसर पांढरं टोपडं दिसतंय, चेहरा दिसत नाही. कडेचा एक सुलट एक उलट पट्टा कपाळावर बरोबर बसलेला. मी तो फोटो मोठा करून टाके मोजले. वहिनींना वाटलं मी बाळाला पाहतेय, आणि तेही खरंच होतं.

पाचव्या आठवड्यात ते टोपडं घट्ट झालं. तोवर मी दुसरं विणून ठेवलं होतं, ६२ टाक्यांचं. तेही फेब्रुवारीअखेर लहान झालं. इतक्या आनंदानं आपली वस्तू वाया गेलेली मी कधी पाहिली नव्हती. मुलगी घरी आली तेव्हा तिला उन्हाळ्याची झबली शिवली, आईच्या आईच्या सुती साडीची. पेटीतलं ते गुलाबी केसाळ टोपडं मी उसवून टाकलं. त्या लोकरीचा आता माझ्या दिवाणखान्यातल्या उशीला गोंडा आहे.

पहिलं, ५४ टाक्यांचं टोपडं वहिनींनी धुऊन रुग्णालयातच दिलं. तिथल्या सिस्टर आता अधूनमधून निरोप पाठवतात. निरोपात नाव नसतं, आकडा असतो: २६, २९, एकदा २४ होता. मी प्रत्येक आकड्याचा दोरा कापते, दोन्ही टोकांना गाठ मारते, टोपडं झालं की पुठ्ठ्यावर गुंडाळून पेटीत ठेवते. २४ च्या वेळी टोपडं झालं त्याच संध्याकाळी सिस्टरचा निरोप आला, आता नको. तो दोरा इतरांबरोबर ठेवला नाही. तो वेगळा आहे.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या नातीचा पहिला वाढदिवस झाला. दुपारी ती आमच्याकडे आली, रांगत थेट लोकरीच्या टोपलीपाशी गेली आणि एक गुंडी सोफ्याखालून फिरवून आणली. मी पेटीतला पहिला दोरा काढला. तिला मांडीवर घेऊन तिच्या कपाळावर त्याचा मध्य धरला, दोन्ही टोकं कानांवरून मागे नेली. ती स्थिर बसेना, दोरा खेचायला पाहत होती. तेवढ्यात वहिनींनी तिच्यापुढे बांगड्या वाजवल्या. ती तिकडे बघू लागली तेव्हा मी मागून पाहिलं. दोन गाठींच्या मध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं.